बाउरोने भुवया उडवल्या

हॅलो?… हॅलो, रितिआ?… हो, मीच, ताई. हळू बोल गं बाई, हळू… अगं, सभाघराच्या मागेच उभी आहे मी. रेंज इथेच येते, काय करू?

निकाल? कसला निकाल! राष्ट्राध्यक्ष कोण व्हायचा तो होऊ दे तिकडे राजधानीत, तारावाला. इथे माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय… अगं ऐक ना! आमच्या गावची पेटी सकाळी उघडली. सगळी मतं त्या तंबाखूवाल्याला… हो, हो, तोच. आला, म्हाताऱ्यांपुढे तंबाखू ठेवली, त्यांनी घेतली. घेतली म्हणजे गावाने शब्द दिला ना!… आणि एक मत निघालं दुसऱ्याला.

एकच… कोणाचं काय विचारतेस? माझं!

ओरडू नकोस!… तूच म्हणालीस, मत गुप्त असतं. कप्पाळ गुप्त! इथे शिंकलं तरी पलीकडच्या टोकाला कळतं… का म्हणजे? तो दुसरा म्हणाला, बेटावर नर्स देईन. आई कशी गेली विसरलीस? बोटीची वाट बघत… हं. मग!

नाही गं, मी नाही सापडले. तेच तर! बाउरो सापडलाय… तुझे भाऊजी, दुसरा कोण बाउरो! तेकाई म्हातारा एकेका पुरुषाला विचारत होता, "ते मत तुझं?" सगळे आपले नाही, नाही. आणि ह्या बाबाने भुवया उडवल्या!… हो, दोन्ही! भर सभेत! चक्क 'हो' म्हणाला की!

अगं, डावा कान गेलाय ना त्याचा, समुद्रात बुड्या मारून मारून. ऐकू नाही आलं की उडवतो भुवया. घरी चालतं. मी म्हणते मासे करपले का, हा उडवतो. मी म्हणते तुला अक्कल आहे का, तरी उडवतो… हसू नकोस गं, मला भीती वाटतेय.

काय करतील? सभाघरातली जागा काढून घेतील. त्याच्या पणजोबांपासूनची जागा. ती गेली की गावात आम्ही कोण? बाबईच्या कंदांचे खड्डे, माड, सगळं टाकून तिकडे शहरात, तुझ्या बेटिओच्या खोलीत येऊन पडायचं?… रडू नकोस. मलाच रडू येतंय.

थांब. थांब, गप्प… तेकाई उठला. उजव्या बाजूला चाललाय… हां, चांगल्या कानाशी! बरं झालं. आता कळेल त्याला. नाही म्हण रे बाबा. एकदा नाही म्हण…

…

आहे. आहे मी.

माझ्याकडे बघितलं गं त्याने. सभाघराला भिंती कुठायत, वळचणीखालून दिसले मी त्याला. आणि परत उडवल्या… नाही, ऐकू गेलं त्याला! मला इथवर ऐकू आलं तेकाईचं! ठाऊक होतं ह्या माणसाला, मघाशीही ठाऊक होतं, माझंच मत आहे म्हणून!

काय?… गप्प कशी बसू?… बायका आत बोलत नाहीत, हे मला शिकवतेस? अगंबाई! चटई गुंडाळायला लागला. उठतोय तो, जागा सोडून उठतोय—

बाउरो! बस खाली! बस म्हणते ना!… सगळे बघतायत गं माझ्याकडे… नाही, नाही, ठेव तू. मी आत चालले.