राक्षसांची सेनापती

(करावे गावाबाहेर, खाडीकाठी सिनेमाचं शूटिंग. मेकअपच्या खुर्चीत स्टंट करणारी फायटर उन्नती, शेजारी तिची आत्या पुतळा आणि गावातल्या बायका. समोर दिग्दर्शक ऋषी.)

ऋषी : अगं, तोंडाला काळा रंग आणि दोन शिंगं, बस्स! एवढ्यासाठी अडून बसलीस? फँटसी आहे उन्नती. तलवारी, जादू, हवेत उड्या. मजा घे ना!

उन्नती : सर, आजवर हिरोइनींचे विग घालून मी गच्च्यांवरून उड्या मारल्या. कॅमेरा कायम पाठीवर. पहिल्यांदा माझा चेहरा दिसणार म्हणून अख्ख्या गावाला सांगून बसलेय. आणि तुम्ही तोच रंगवून टाकताय?

ऋषी : राक्षसांची सेनापती आहेस तू! केवढा मोठा रोल!

पुतळा : आनि ह्या बाया? त्यांना पन शिंगा. लुगडी तेवढी आमची नेसायला लावलीस.

ऋषी : मावशी, त्याने लुक ऑथेंटिक वाटतो.

उन्नती : लुगडं आमचं, कोयता आमचा, बोली आमची, आणि राक्षस पण आम्हीच? राजपुत्र मात्र गोरापान, पुस्तकासारखं बोलणारा!

ऋषी : तू ना, उगाच राजकारण घुसवतेस.

उन्नती : मी घुसवते? तुमच्या गोष्टीत राजाला उडते रथ उतरवायला जमीन पाहिजे. खाडीकाठची माणसं हटत नाहीत, म्हणून ती राक्षस. सर, तुम्ही उलव्यात राहता, नव्या विमानतळाला लागून. गॅलरीत उभं राहिलं की डोक्यावरून काय जातं?

ऋषी : ...शप्पथ, लिहिताना हे डोक्यात आलंच नाही. बरं, रंग कॅन्सल. शिंगं पण काढा रे! खूश? चल आता, लास्ट सीन. तू हरतेस, सगळ्या बायका गुडघे टेकतात, राजपुत्र माफ करतो.

पुतळा : माफ? कनाला माफ, आमी काय गुना केला? रं बाला, जमिनीच्या मोर्चात मी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ह्यो खांदा अजून वर जात नाय. तवा गुडघे टेकले नाय, आनि तुझ्या पिच्चरसाठी टेकू?

ऋषी : मावशी, ही खोटी लढाई आहे हो!

पुतळा : बगनारी पोरां तं खरी हायेत ना?

ऋषी : उन्नती, समजाव यांना. नाहीतर अंधेरीहून दुसरी फायटर बोलावीन. निर्माता डोक्यावर बसलाय माझ्या. टेन्शन कळतंय का तुला?

उन्नती : बोलवा. घरी जाऊन रडेन मी, खोटं कशाला सांगू? जीव टाकलाय या रोलसाठी. पण गुडघे नाही टेकणार. चल आत्या.

ऋषी : थांब... अगं थांब ना! तुझ्यासारखी तलवार फिरवणारी आता कुठून आणू मी? पण मग शेवट काय करू? तूच सांग.

उन्नती : राजपुत्र जिंकू दे. माझी तलवार पडू दे. तरी आम्ही सगळ्या इथंच उभ्या राहतो. पुढं काय करायचं, ते त्याला ठरवू दे.