खारवीची पाचवी मात्रा

(पूर्णगड, १९८४. बोटीवरची नोकरी संपवून घरी बसलेला आत्माराम, त्याची बायको सावित्री, आणि त्याच्या कवितांचं बाड साहित्य मंडळाकडून परत घेऊन आलेले देवरुखचे संस्कृतचे मास्तर, आप्पा.)

आत्माराम : त्याने माझ्या कविता वाचल्याच नाहीत, आप्पा. मोजल्या. तुमच्या मंडळाचा हा परीक्षक. नाव नाही, गाव नाही, नुसती लाल पेन्सिल.

आप्पा : अरे, छापतो म्हणतायत. ‘दुरुस्त्या मान्य’ म्हणून सही कर, दिवाळीला पुस्तक हातात. दोन एसट्या बदलून आलोय मी.

आत्माराम : काय लिहिलंय बघा. ‘लघु-गुरूचा पत्ता नाही.’ असेल कसा? मी ठोक्यावर लिहिलंय. बारा वर्षं जर्मन बोटीवर काढली. तिथला म्हातारा बोसन, खलाशांचा मुकादम, कठड्यावर मूठ आपटून शाळेतल्या कविता म्हणायचा. ओळीत ठोके नेमके, मधे अक्षर एक पडो की दोन.

आप्पा : बोसन म्हणजे शास्त्र झालं काय?

आत्माराम : शास्त्र नंतर पुस्तकं आणून वाचलं. जुन्या ग्रीकांचं आपल्यासारखंच, लांब अक्षर, आखूड अक्षर. जर्मनांनी त्यांची वृत्तं घेतली, पण तोंडात बसेनात. मग लांब अक्षराच्या जागी जोराचं ठेवलं. त्याला ते ‘उचल’ म्हणतात. वल्ह्याची असते तशी. त्यांना नाही कुणी लाल पेन्सिल लावली.

आप्पा : लावली असेल. बोसनने तुला सांगितलं नसेल.

सावित्री : सरबत घ्या, मास्तर. सकाळपासून चौकटीवर मूठ आपटतायत हे. शेजारची गोदूबाई विचारून गेली, सुतार आलाय काय.

आत्माराम : सतरावी ओळ वाचा, आप्पा. मोठ्याने.

आप्पा : ‘कोळी गेला पाण्यावरती.’ सोळा मात्रा, चोख.

आत्माराम : मी काय लिहिलं होतं?

आप्पा : ‘खारवी.’ त्यात एक मात्रा जास्त होते रे. खारवी पाच, कोळी चार. अर्थ तोच.

सावित्री : तोच कसा? कोळी वेगळे, आम्ही खारवी वेगळे. सोयरीकसुद्धा होत नाय आमची.

आप्पा : वाचणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?

आत्माराम : ती ओळ माझ्या बापावर आहे. दर्याने त्याचं अंगसुद्धा परत दिलं नाही. खारवी होता एवढं उरलं होतं, तेही ह्याने मात्रेपायी खोडलं.

आप्पा : एका शब्दासाठी पुस्तक घालवशील. साठी आली तुझी. पुन्हा कोण विचारणार?

आत्माराम : कोणी नाही. माहीत आहे मला. सहीचा कागद कोराच परत न्या, आणि त्या परीक्षकाला एवढंच विचारा. लेखी उत्तर आणा. खारवी मराठीत बसत नाही, तर माझा बाप मला हाक मारायचा ती कुठल्या भाषेत?