भोंपूवर पेटणारी चूल

चंद्रव्वा : आन् ही कुठली गं बना, जिच्या नाकावर पाखरू बसलंय?

बनाबाई : ती मोटार कुठल्यातरी संस्थानाची हाय म्हनं. पाखरू चांदीचं हाय. आत्याबाई, बोट नका लावू.

चंद्रव्वा : लावत न्हाय. मंद्रूपच्या बाजारात मेंढरू घ्यायचं तर आदी पाठ दाबून बघत्यात, दात बघत्यात. हितं नुसतं हात मागं बांधून फिरायचं. ही मानसं बघ की. पोरगी बघायला आल्यागत चेहरं करून उभी हायत.

बनाबाई : हळू बोला.

चंद्रव्वा : हळूच बोलतीया. त्यो गोरा सायेब काय करतोय तितं वाकून?

बनाबाई : पांढरा रुमाल फिरवतोय. चाकाच्या आतनं, पायरीखालनं. ज्या मोटारीचं काळं रुमालाला लागणार न्हाय, तिला बक्षीस. मघाशी दारातल्या शिपायानं सांगितलं की तुमाला.

चंद्रव्वा : मला वाटलं, काय हरवलंय त्याचं. म्हंजी जनावर कामाचं हाय का न्हाय ते कुणी इचारायचं न्हाय, बूड पुसून बघायचं. बरं हाय.

बनाबाई : ह्या बाजूला या. ती हिरवी बघितली? दोघांपुरतीच जागा हाय तिच्यात. आन् ती शिकारीची. दिवं बघा, परातीएवढं.

चंद्रव्वा : तुला लई म्हायती.

बनाबाई : अकरा वर्सं घरात दुसरं बोलणंच नव्हतं. जेवताना मोटार, झोपताना मोटार. कुणाच्या घरात सवत पाटावर बसते, माझी शेठच्या बंगल्यात हुती.

चंद्रव्वा : मग दाखीव की तुझी सवत. सकाळधरनं सगळ्या दाखवल्यास, तीच तेवढी ठिवलीस. मी काय पाखरं बघायला मंद्रूपास्नं आले न्हाय. जिनं माझं पोरगं खाल्लं तिच्यापुढं एकदा उभं ऱ्हायचं आन् दाही बोटं मोडायची, एवढंच दोन वर्सं मनात हाय.

बनाबाई : म्हनूनच सांगावा धाडला. उद्या जाणार ती. शेठनं विकली, नवी घेतली. होटगीला मालगाडीच्या वाघिणीत चढवणार, तितनं खाली गदगाकडं.

चंद्रव्वा : माझं मी सांगितलं. तू कशाला आलीस?

बनाबाई : ती बघा. कोपऱ्यात, लिंबाखाली. तांबडी.

चंद्रव्वा : ही? एवढीशी?

बनाबाई : एवढीच हाय.

चंद्रव्वा : मला वाटलं हुतं, गाभण म्हशीगत असंल. हिच्या पायात तर लाकडी आरं हायत, आपल्या बैलगाडीगत. चकाकतीया मातूर.

तिप्पण्णा : बाई, दोरीच्या अलीकडं थांबा. हात लावायचा नाही, कमिटीची ऑर्डर आहे. सन अकराची गाडी, फ्रान्सहून बोटीनं आलेली. दिवे अस्सल पितळेचे. अशी दुसरी जिल्ह्यात नाही. बघा आणि पुढं सरका, मागं माणसं आहेत.

बनाबाई : तिप्पण्णा.

तिप्पण्णा : वैनी? तुमी हितं कशा?

चंद्रव्वा : कोण गं ह्यो?

बनाबाई : तिप्पण्णा. त्यांच्या हाताखाली मोटार पुसायला हुता. आता ह्योच चालवतो. तिप्पण्णा, ह्या माझ्या सासूबाई.

तिप्पण्णा : धुळाप्पाची आई? आवा, तुमी मला वळखणार न्हाई. त्या दिवशी दवाखान्यात मीच नेलं त्याला.

चंद्रव्वा : मग कुटनं झालं ते दाखीव.

तिप्पण्णा : ऱ्हाऊ द्या की, आवा.

चंद्रव्वा : दाखीव.

तिप्पण्णा : हे हँडल. म्होरं, नाकाखाली. ह्ये जोरानं फिरवलं की इंजिन जागं व्हतं. धा बारा येळा सरळ फिरतं, एखाद्या येळी उलटं मारतं. त्या दिवशी उलटं आलं ते कानशिलावर बसलं. दुपारपातुर शुद्धीत हुता.

चंद्रव्वा : मी पोचले तवा नव्हता. तितल्या दाईनं मला सांगितलं, डाक्टरनं त्याला इचारलं कधी जेवलास, तर म्हनला, काल दुपारी. आता तूच सांग बाबा, उपाशी मानसाच्या हातात जोर कुठला असणार? त्या लोखंडाला काय दोष द्यायचा? दर खेपेला मी हिला इचारते, घरात बायको असून माझं पोरगं उपाशी का गेलं. ही खाली बघते आन् विड्या वळते.

तिप्पण्णा : उपाशी नव्हता, आवा. आदल्या दिवशी सांजला माज्या डब्यात जेवला त्यो. दोन भाकरी आन् वांग्याची भाजी.

चंद्रव्वा : वांग्याची?

तिप्पण्णा : व्हय. डबा पुसून खाल्ला.

चंद्रव्वा : वांगं खाल्लं की त्याच्या अंगावर गांधी उठायची. बारका असल्यापास्नं वांगं तोंडात घातलं न्हाय माझ्या पोरानं.

तिप्पण्णा : चुकलं, आवा.

चंद्रव्वा : असू दे. मनानं चांगला हायेस. खोटं बोलायचं तेवढं कुणी शिकवलं न्हाय तुला.

बनाबाई : तिप्पण्णा, तुमच्या हातातलं ते फडकं दाखवा.

तिप्पण्णा : हे? मोटार पुसायचं हाय. गिरणीच्या चिंध्या खरबरीत, त्यानं रोगनावर रेघा उठत्यात. ह्यानं उठत न्हाईत. धुळाप्पानंच आणलं हुतं. दोन वर्सं जपून वापरतोय.

बनाबाई : आत्याबाई, किनार बघा.

चंद्रव्वा : हिकडं आण. माझी नजर... ही तर मी घेतल्ती. तुझ्या पयल्या दिवाळीला, बाजारातनं. घोंगडी देऊन इरकली लुगडं घेतलं म्हनून तुझा सासरा आठ दिस माझ्याशी बोलला नव्हता. हे हितं कसं आलं?

बनाबाई : नेसून नेसून मऊ झालं हुतं. फाटलं नव्हतं. धुऊन वाळत घातलं आन् आडावर गेले, माघारी आले तर दोरी मोकळी. दुपारी जेवायला आल्यावर इचारलं. म्हनाले, मोटारीला असंच मऊ लागत हुतं, लई दिस बघत हुतो. हसून सांगितलं. त्यांना वाटलं, मीबी हसंन.

चंद्रव्वा : आन् तू?

बनाबाई : मी ताट वाढलं, पर बोलले न्हाय. त्या मोटारीला शेठ हाय, बंगला हाय, चिंच लावून घासायला मानूस हाय. माझ्याकडं एक लुगडं हुतं. मग सांजला भोंपू वाजला आन् मी चूल पेटवली न्हाय.

चंद्रव्वा : कसला भोंपू?

बनाबाई : ह्योच. त्या पितळी कर्ण्याला रबराचा फुगा हाय न्हवं, त्यो. रोज सांजला शेठला गिरणीतनं बंगल्यावर नेताना मोटार नवी पेठेच्या मागनं जायची, आमच्या बोळाच्या तोंडावरनं. तितं आलं की दोनदा वाजवायचे. शेठला वाटायचं, म्होरं गुरं आडवी आली. त्याचा अर्थ, शेठला सोडून अर्ध्या तासात येतो, तवा ठेव. गल्लीतल्या सगळ्या चुली गिरणीच्या भोंग्यावर पेटायच्या. माझी ह्याच्यावर.

चंद्रव्वा : हे मला कधी सांगितलं न्हाईस.

बनाबाई : सासूला सांगायची गोष्ट हाय व्हय ती?

चंद्रव्वा : पुढं बोल.

बनाबाई : दोनदा वाजला. मी आयकला. पीठ मळून ठिवलं हुतं, त्याच्यावर परात पालथी घातली आन् बसून ऱ्हायले. त्ये आले. चुलीकडं बघितलं. तांब्याभर पानी पिऊन निजले. मला वाटलं, सकाळी उठून गरम भाकरी घालीन, तवाच बोलंन. मी उठायच्या आत गेले.

तिप्पण्णा : आवा, बसता का? ह्या पायरीवर बसा. सायबाला मी सांगतो.

चंद्रव्वा : तिच्यावर बसत न्हाय मी. दोन वर्सं का गप्प बसलीस, बना?

बनाबाई : काय सांगू? लुगड्यापायी उपाशी ठिवलं म्हनू? तुमी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमी नुसत्या इचारत हुता.

चंद्रव्वा : धर बाबा, हे फडकं.

बनाबाई : तिप्पण्णा, मला त्यो भोंपू एकदा आयकायचा हाय. त्याच्यासाठीच आले मी. उद्यापास्नं त्यो गदगात वाजंल.

तिप्पण्णा : वैनी, दुसरं काय बी सांगा. सकाळी त्या शिकारीच्या मोटारीनं वाजवला तर टांग्याचं घोडं उधळलं, एका म्हाताऱ्याला लागलं. आता जो वाजवंल त्याचा नंबर खोडणार. सायेब अजून हितं आला न्हाय, आन् शेठ बघा तितं खुर्चीवर बसलेत.

बनाबाई : तुमी दोन वर्सं आमच्या बोळावरनं मोटार नेत न्हाई.

तिप्पण्णा : कुणी सांगितलं?

बनाबाई : मी दारातच बसते की. देवळाकडनं वळसा घालून नेता. शेठनं इचारलं न्हाय का कधी?

तिप्पण्णा : इचारलं. म्हनलं, तिकडं खड्डं हायत. काय सांगणार, वैनी? पयल्या दिवशी तितनंच नेली. बोळ आला आन् हात आपसूक फुग्यावर गेला. वाजवावं तर तुमचं काय व्हईल, आन् न वाजवता म्होरं जाववंना. मोटार तितंच बंद पडली. शेठ म्हनलं, काय झालं रे. तवापास्नं वळसा.

चंद्रव्वा : तिप्पण्णा, मी आता एक इचारते. वांग्यागत सांगायचं न्हाय. त्या सकाळी माझा धुळा काय बोलला?

तिप्पण्णा : आवा...

चंद्रव्वा : खोटं असलं तर मला कळतंय.

तिप्पण्णा : हे फडकं माज्या हातात दिलं. म्हनला, जपून वापर बाबा, ह्याच्यापायी काल घरात चूल पेटली न्हाय. मी म्हनलं, मग आता? तर हँडल लावता लावता म्हनला, आज दोनदा न्हाय, चारदा वाजवणार. दोन रोजचं, आन् दोन लुगड्याचं. मी म्हनलं, शेठ काय म्हनतील? म्हनला, सांगीन, आज गुरं लई आडवी आली. हसत हुता. हसतानाच फिरवलं त्यानं.

बनाबाई : चारदा म्हनाले?

तिप्पण्णा : चारदा. आईशप्पत.

बनाबाई : दोन वर्सं का सांगितलं न्हाई, तिप्पण्णा?

तिप्पण्णा : सांगायचं तर तुमच्या बोळात यावं लागलं असतं.

चंद्रव्वा : वाजीव.

तिप्पण्णा : आवा, शेठ बघतायत.

चंद्रव्वा : तुझ्या शेठनं इचारलं तर सांग, गुरं आडवी आली. मी हुभी ऱ्हाते म्होरं. ही बघ, हुभी ऱ्हायले.

तिप्पण्णा : नंबर जाईल.

चंद्रव्वा : उद्या ज्या मोटारीला वाघिणीत घालायचं, तिला नंबर घेऊन काय करायचं? बोटं मोडायला आल्ते मी, त्याच्यापरीस हे बरं न्हाय व्हय?

तिप्पण्णा : बरं, वाजवतो. वैनी, धुळाप्पा कसा वाजवायचा सांगा. मी हजारदा आयकलाय, पर वाजवला न्हाय कधी.

बनाबाई : पयल्यांदा फुगा पुरा दाबायचा आन् सावकाश सोडायचा. दुसऱ्यांदा अर्धाच. लगेच सोडायचा.

तिप्पण्णा : आन् पुढचं दोन?

बनाबाई : त्ये मी आयकलं न्हाय. तुमाला वाटंल तसं वाजवा.

(भोंपू वाजतो. दोनदा. मग थोडं थांबून आणखी दोनदा. माणसं वळून बघतात. खुर्चीवरचे शेठ उठून उभे राहतात.)

तिप्पण्णा : तसाच झाला का, वैनी?

बनाबाई : न्हाय. त्ये पयला एवढ्या घाईनं सोडत नव्हते.

तिप्पण्णा : परत वाजवू?

बनाबाई : नको. आयकला मी.

तिप्पण्णा : शेठ येतायत. तुमी निघा. थांबा, हे तेवढं न्या. तुमचं हाय.

बनाबाई : ऱ्हाऊ द्या. तिच्यासंगं जाऊ दे. गदगाच्या मानसाला सांगा, रोगन ह्यानंच पुसायचं, गिरणीच्या चिंध्या लावायच्या न्हाईत.

तिप्पण्णा : सांगतो.

बनाबाई : आन् शेठची नवी मोटार घेऊन बोळावरनं जात जा. वाजवू नका, पर जात जा. वळशानं पेट्रोल जळतं शेठचं.

तिप्पण्णा : व्हय, वैनी.

बनाबाई : आत्याबाई, म्होरनं बाजूला व्हा आता. वाजवून झालं.

चंद्रव्वा : झालं व्हय? मग चल बिगीनं. अर्ध्या तासात घर गाठाया पायजे. तवा ठिवायचा हाय.