डावीकडचं स्टिअरिंग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे सचिव, ही गाडी परदेशातून आणण्यासाठी वर्षभर बंदराचे हेलपाटे घालणारे उपाध्यक्ष, गॅरेजमधली मंडळी, आणि गाडीवरचं कापड कधी एकदा निघतंय म्हणून माना उंचावून बसलेल्या रॅलीप्रेमींनो,

आज एकाच खर्चात दोन कार्यक्रम उरकायचे ठरले आहेत: नव्या गाडीचं अनावरण आणि जुन्या नॅव्हिगेटरचा निरोप. अध्यक्ष माझ्याबद्दल फार गोड बोलले. भावाच्या शेजारी बसून मी वीस वर्षं वळणं सांगितली, हे खरं. रॅलीत ड्रायव्हर डोळ्यांपेक्षा कानांवर चालतो. शेजारचा सांगेल तसा पाय दाबतो. पण आता नवी गाडी, तेव्हा नॅव्हिगेटरही तरुण हवा आणि "ताईंनी घरी निवांत बसावं." अध्यक्ष महोदय, बसू कुठे? घरातल्या दोन्ही चांगल्या खुर्च्या सासूबाईंनी आणि मांजरीने कधीच धरल्यात.

गाडी देखणी आहे, वादच नाही. काल संध्याकाळी या हॉलच्या उंबऱ्यावर तिचं पोट टेकलं आणि फळ्या घालून, ढकलून तिला आत घ्यावी लागली, हे सचिव सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. आपल्या दगडधोंड्यांच्या रस्त्यांवर काय होणार, ते तुम्हीच ताडा. गॅरेजवाले तिच्या पोटाखाली जाड पत्रा बसवणार आहेत. बसवतीलच.

त्याआधी सकाळी खाणीमागच्या कच्च्या रस्त्यावर चाचणी झाली. हेल्मेट चढवून मी डावीकडून आत शिरले, भाऊ उजवीकडून. पट्टे आवळले. वळणांचे कागद मांडीवर घ्यायला गेले, तर मध्ये स्टिअरिंग! तिकडे भाऊ पायांनी ब्रेक चाचपतोय. या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? महिनाभर तिचेच फोटो पाहत होतो. पण वीस वर्षांची सवय, दुसरं काय!

मी हसत पट्टा सोडायला लागले. भाऊ हसला नाही.

"ताई, राहू दे. तूच चालव."

"वेड लागलंय का तुला?"

"मागच्या अपघातापासून खांदा साथ देत नाही गं. जोराचं वळण आलं की हात सुटतो."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर गाडी आली असती का?"

म्हणजे नवखा माणूस शेजारी बसवून, असला हात घेऊन हा दरीच्या कडेने गाडी हाकणार होता, आणि मी मांजरीशेजारी बसून टीव्हीवर बघणार होते? राग आला मला. त्याचाही आणि तुमचाही. हे सगळं मी त्याला विचारूनच सांगते आहे. वहिनी पहिल्या रांगेत बसली आहे, तिला आज सकाळी कळलं. तिचा चेहरा बघा, म्हणजे त्याची घरी काय खरडपट्टी निघाली ते मी सांगायला नको.

तर तो वळणं वाचत गेला, मी चालवत गेले. खाणीचं शेवटचं वळण, जिथे आजवर आम्ही नेहमी पाय उचलला, तिथे तो म्हणाला, "दाब, ताई." मी दाबला. उतरल्यावर मेकॅनिकने हातातलं घड्याळ उपाध्यक्षांपुढे धरलं. उपाध्यक्ष, छताकडे काय बघताय? तुम्ही वेळ पाहिली आहे.

सचिव, तुमची कुजबुज इथवर येते. लायसन्स ना? गाडीतल्या दोघांकडेही ड्रायव्हरचं लायसन्स हवं, हा क्लबचाच नियम. तो मी निमूटपणे पाळत आले. आणि तरुण नॅव्हिगेटरसाठी तुम्ही गावोगाव हिंडलात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो बघा, वहिनीशेजारी बसलाय. माझ्यापेक्षा चार वर्षांनी तरुण आहे. तुमची अट पूर्ण झाली.

तेव्हा हा निरोप मी मनापासून स्वीकारते. नॅव्हिगेटर म्हणून आज मी निवृत्त झाले. पुढच्या रॅलीत ही गाडी मी चालवणार. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी परवा खाणीवर यावं आणि माझ्यापेक्षा कमी वेळात तो रस्ता कापून दाखवावा.

गुच्छाबद्दल, गोड शब्दांबद्दल आणि चुकून का होईना, योग्य बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी आणल्याबद्दल क्लबची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणा मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. बोललेलं मात्र मागे घेणार नाही.

अध्यक्ष महोदय, काढा आता ते कापड. आणि चावी त्या सजवलेल्या ट्रेमध्ये शोधू नका. ती माझ्याकडे आहे.