उलट्या दोऱ्यांचं विमान

गोपाळकृष्ण: आणि हे छताला काय टांगलंयस?

मालिनी: विमान.

गोपाळकृष्ण: बरं. मला वाटलं, अर्धांगाने आता डोळेही गेले.

मालिनी: डोळे शाबूत आहेत. जीभ तर वाजवीपेक्षा जास्त शाबूत आहे. डावी बाजू तेवढी संपावर गेलीय. पालथे व्हा बघू. बाबू, तू खांद्याला धर.

गोपाळकृष्ण: पालथा? हा त्या फिजिओथेरपीवाल्या दर्शनाचा व्यायाम आहे.

मालिनी: छे हो. व्यायाम करणार नाही हे तुम्ही तिला सांगितलंत ना, भिंतीकडे तोंड करून? ती पोर रत्नागिरीहून स्कूटीवरून आली आणि तुमची पाठ बघून परत गेली. तो विषय संपला. ह्या विमानाचा तुमच्या तब्येतीशी काडीचा संबंध नाही.

गोपाळकृष्ण: मग मी पालथा कशास?

मालिनी: वैमानिक पालथाच असतो. तुम्हीच सांगायचात आठवीच्या वर्गाला, दरवर्षी. ते दोघे सायकलवाले भाऊ पंखावर पालथे पडायचे आणि कंबर हलवून विमान वळवायचे. वर्ग हसायचा, तुम्ही चिडायचात. घरी येऊन मला सांगायचात, मग मी हसायचे.

बाबू: मास्तर, झालात पालथे. हात आवळला नाय ना?

गोपाळकृष्ण: कुठला हात? डावा असेल तर त्यालाच विचार, माझ्याशी बोलत नाही तो.

बाबू: मी जातो काकी. वानरं आलीत बागेत.

मालिनी: जा. हे बघा, कमरेला दोन्हीकडून लाकूड लागतंय ना?

गोपाळकृष्ण: लागतंय. म्हणजे उजवीकडे लागतंय. डावीकडचं तू सांगतेस म्हणून मानतो.

मालिनी: तो कमरेचा पाळणा. कंबर ज्या बाजूला न्याल त्या बाजूला तो सरकतो. खाली पलंगाच्या फळीवर बाबूने मेण लावलेल्या पट्ट्या मारल्यात.

गोपाळकृष्ण: थांब. ह्या लाकडावर पोपट कोरलाय.

मालिनी: ऋजुताचा पाळणा आहे तो. कापला.

गोपाळकृष्ण: पोटच्या पोरीचा पाळणा कापलास?

मालिनी: ती पुण्यात आहे, चाळिशीची. मावत नाही आता त्यात.

गोपाळकृष्ण: आणि ह्या दोऱ्या?

मालिनी: पाळण्यापासून वर कप्प्यांवरून, समोर टांगलेल्या विमानाच्या पंखांच्या टोकांपर्यंत. तुम्ही कंबर सरकवलीत की दोरी ओढली जाते, आणि पंखाचं टोक पिळलं जातं. ओलं धोतर पिळतात तसं.

गोपाळकृष्ण: ते माझं वाक्य आहे.

मालिनी: तुम्ही वापरत नव्हतात, म्हणून घेतलं.

गोपाळकृष्ण: कप्प्या ओळखीच्या वाटतात.

मालिनी: कपडे वाळत घालायच्या.

गोपाळकृष्ण: मग कपडे?

मालिनी: परसातल्या दगडी गडग्यावर. तुमची एक बंडी वानराने नेली. कालपासून तो शेडच्या पत्र्यावर ती घालून बसतो. बाबू म्हणतो, लांबून तुमच्यासारखाच दिसतो.

गोपाळकृष्ण: चला, घरातला एक तरी बाहेर हिंडतोय. पंखांना कापड कुठलं? जांभळं?

मालिनी: माझी नायलॉनची साडी.

गोपाळकृष्ण: आपल्या सलिलच्या मुंजीतली? अगो, ती मला आवडायची.

मालिनी: सलिलचा मुलगा मुंजीला आला आता. तेव्हाच सांगायचंत.

गोपाळकृष्ण: तेव्हा तू ती नेसली होतीस. सांगायचं सुचलं नाही.

मालिनी: ...बरं. आता वारा. हा उभा पंखा. एकवर झुळूक, दोनवर वारा, तीनवर माझी साडी सुटते. दोनवर ठेवते. तुमच्या डाव्या हाताला खिडकी, म्हणजे समुद्र. उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, तिथे माझी खुर्ची. चांगल्या बाजूने सुरुवात करा. कंबर उजवीकडे न्या. विमान इकडे येईल, माझ्याकडे.

गोपाळकृष्ण: हे सगळं बालिश आहे.

मालिनी: आहे. सावकाश या.

गोपाळकृष्ण: बघ, बघ! तीस वर्षं मी स्कूटरला किक मारली की फाटकातून हेच. सावकाश या. आणि मी म्हणायचो...

मालिनी: सावकाशच येतो, विमान नाही ते.

गोपाळकृष्ण: पाठ आहे तुला.

मालिनी: रोज ऐकलं. हसले एकदाच. सरका.

गोपाळकृष्ण: सरकलो. अरे! अगो, वळलं! मालिनी, खरंच वळलं!

मालिनी: वळलं खरं.

गोपाळकृष्ण: पण समुद्राकडे! मी उजवीकडे सरकलो आणि हे डावीकडे गेलं. शून्य मार्क! दोऱ्या उलट्या बांधल्यास तू.

मालिनी: उलट्या कशा? सुकाणूचा दांडा उजवीकडे दाबला की होडी डावीकडेच जाते. वेळणेश्वरला बाबांची होडी मीच धरायचे, खाडीपलीकडे नारळ न्यायला. एकदाही चुकले नाही.

गोपाळकृष्ण: ही होडी आहे?

मालिनी: टांगलीय म्हणून कळत नाही. बाकी बांबू, दोऱ्या, कापड. फरक काय?

गोपाळकृष्ण: फरक काय! माणसाचं अंग ज्या बाजूला झुकतं त्याच बाजूला यंत्राने वळावं, एवढ्यासाठी त्या लोकांनी डोकं फोडून घेतलं. कोणी दोऱ्या खांद्याला बांधल्या, खांदा कलला की विमान कलायचं. कोणी पायाखाली दांडा घेतला. एका गृहस्थाने तर दांडा कोटाच्या पाठीतच शिवून घेतला होता. म्हणजे घाबरून डावीकडे झुकला, तर विमान पण घाबरून डावीकडे.

मालिनी: मग तो कोट धुवायचा कसा?

गोपाळकृष्ण: मालिनी, ते महत्त्वाचं नाही.

मालिनी: धुणाऱ्या बाईला विचारा.

गोपाळकृष्ण: उद्या बाबूला शिडी आणायला सांग आणि दोऱ्यांची अदलाबदल कर. तोवर... काय गो, पंखा चालूच आहे ना?

मालिनी: आहे.

गोपाळकृष्ण: तोवर एकदा परत बघतो. चूक नक्की कुठे आहे ती तपासायला हवी.

(चार-पाच दिवसांनंतरची दुपार. तीच खोली, दोऱ्या तशाच. मालिनीची खुर्ची दारापासून हलून पंख्याच्या आणि पलंगाच्या बरीच जवळ आली आहे. कोणी विचारलेलं नाही, म्हणून तिनेही सांगितलेलं नाही.)

गोपाळकृष्ण: प्रवाशांनी लक्ष द्यावं. आता आपण पूर्णगडावरून जात आहोत. खाली दीपस्तंभ नाही, कारण तो तिथे नाही. जेवणात आज काय?

मालिनी: कुळथाचं पिठलं.

गोपाळकृष्ण: जेवणात कुळथाचं पिठलं. ज्यांना नको असेल त्यांनी इथेच उतरावं.

मालिनी: परतीचं विमान किती वाजता?

गोपाळकृष्ण: परतीचं नाही. सगळी विमानं समुद्राकडे. पाच दिवस नुसतं पाणी बघतोय. अगो, कोलंबससुद्धा कंटाळला असता.

मालिनी: मग या इकडे.

गोपाळकृष्ण: कसा येऊ? तुझ्या ह्या उफराट्या दोऱ्यांमुळे इकडे वळायला कंबर डावीकडे न्यायला लागते.

मालिनी: मग न्या.

गोपाळकृष्ण: डावी कंबर हलते का माझी? तुला माहीत नाही? दोऱ्या सरळ कर म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या बाबूला शिडी मिळत नाही की काय?

बाबू: काकी, पंपाच्या खोलीची किल्ली द्या. मास्तर, काय म्हनालात, शिडी?

गोपाळकृष्ण: शिडी! उभी करतात, माणूस वर चढतो. आठवतंय का असं काही?

बाबू: आनलेली की मी. तुमी झोपलेले. काकी बोलल्या नको, घेऊन जा. मग परवा परत आनली. परवा बी बोलल्या नको. मी म्हटलं, बाईमानसाचं विमान, तिला बरोबर म्हाईत असेल.

मालिनी: किल्ली खुंटीला आहे, बाबू.

गोपाळकृष्ण: थांब रे, बाबू. दोनदा परत धाडलीस?

मालिनी: हो.

गोपाळकृष्ण: म्हणजे मुद्दाम उलट्या बांधल्यास.

मालिनी: नाही हो. बांधताना चुकलेच. होडीच डोक्यात होती. रात्री लक्षात आलं, सकाळी बाबू शिडी घेऊन आला, आणि मी खाली उभी राहून त्या दोऱ्यांकडे बघत बसले. मग म्हटलं, राहू देत.

गोपाळकृष्ण: का?

मालिनी: सरळ बांधल्या असत्या तर उजव्या कमरेने तुम्ही माझ्याकडे आला असतात. फुकटात. आणि डावी लागली असती समुद्राकडे जायला. समुद्रासाठी तुम्ही ती हलवली नसतीत. समुद्र काय, खिडकीतून दिसतोच.

गोपाळकृष्ण: आणि तुझ्यासाठी हलवीन?

मालिनी: ते मला कुठे माहीत आहे? म्हणून तर ठेवल्या.

बाबू: मी किल्ली घेतो.

गोपाळकृष्ण: बस रे तू. इथे बाई माझी परीक्षा घेतेय, एक पर्यवेक्षक हवा. मालिनी, दर्शना तुला बाहेर ओटीवर काय म्हणाली ते मी ऐकलंय. तोंड भिंतीकडे होतं, कान खोलीतच होते.

मालिनी: मग सांगा काय म्हणाली.

गोपाळकृष्ण: डावी कंबर एकदा आपणहून हलली की उभं करायचं बघू. नाही हलवली, तर अंग हळूहळू ती बाजू विसरून जाईल.

मालिनी: ऐकलं होतं, तर मग पाठ का केलीत तिच्याकडे?

गोपाळकृष्ण: कारण ती म्हणाली, काका, प्रयत्न करा. आणि प्रयत्न करून नाही हलली तर? प्रयत्न न करता नाही हलली, तर निदान मी आळशी ठरतो. आळशी मी आयुष्यभर आहे. ते मला जमतं.

मालिनी: आळशी नाही तुम्ही. पंक्चर काढायला कंटाळत होतात, तेवढंच.

बाबू: आनि झावळ्या उचलायला.

गोपाळकृष्ण: पर्यवेक्षकाने बोलायचं नसतं.

मालिनी: नाही हलली तर मी खुर्ची खिडकीत नेऊन ठेवीन. मग सगळी विमानं माझ्याकडेच येतील. त्यात काय एवढं? समुद्र जरा झाकला जाईल, बस.

गोपाळकृष्ण: जरा कसला, बराच झाकला जाईल. अलीकडे तू जरा...

मालिनी: उड्डाण करताय की मी पिठलं टाकू?

गोपाळकृष्ण: करतो. पंखा तीनवर कर.

मालिनी: साडी सुटेल.

गोपाळकृष्ण: सुटू दे. इथे कोण परकं आहे? बाबू, तू डोळे मीट.

मालिनी: केला तीनवर. सरका.

गोपाळकृष्ण: सरकतो. ...हलली?

मालिनी: नाही अजून.

गोपाळकृष्ण: मी सांगतोय तिला. ऐकतच नाही. शेवटच्या बाकावरची मुलं अशी असतात. नाव घेऊन हाक मारली तरी खिडकीबाहेर बघतात.

मालिनी: मग शेवटच्या बाकाजवळ जाऊन काय करायचात तुम्ही?

गोपाळकृष्ण: काही नाही. बाजूला बसायचो. खडू हातात द्यायचो. ...हं. ...हं. अगो, घाम आलाय मला.

मालिनी: पुसते. थांबा थोडे.

गोपाळकृष्ण: पुसू नको, तिथेच बस. तू उठलीस तर विमानाने यायचं कुठे? ...पंख्याचा आवाज का बंद झाला?

बाबू: लाईट गेली.

गोपाळकृष्ण: झालं! हवामान प्रतिकूल. सर्व उड्डाणं रद्द. वारा नाही तर पंख पिळून काय उपयोग? बाबू, मला उलटा कर.

मालिनी: बाबू, हात लावू नको त्यांना. अहो, वारा नको. नुसतं एकदा सरका. विमान नाही आलं तरी चालेल.

गोपाळकृष्ण: विमान नाही आलं तरी चालेल, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?

मालिनी: तुम्ही आला नसतात.

गोपाळकृष्ण: ...बरं. गप्प बसा दोघं. वर्ग शांत. ...

बाबू: मास्तर.

गोपाळकृष्ण: बोलू नको म्हटलं ना!

बाबू: नाय, पन लाईट नाय आली अजून.

गोपाळकृष्ण: मग?

बाबू: मग काकींची साडी कशानं हलली?

गोपाळकृष्ण: कुठे हलली? खिडकीतून वारा आला असेल. मालिनी, तू बघितलंस? तू खरं सांगशील. तू शून्य मार्क घेणारी आहेस, पण कॉपी करणारी नाहीस.

मालिनी: कप्पी वाजली आधी. मग टोक पिळलं. एवढंसं. ओल्या धोतराचं नाही म्हणता येणार. रुमालाचं.

गोपाळकृष्ण: रुमालाचं.

मालिनी: लहान रुमालाचं.

गोपाळकृष्ण: तू रडतेयस का?

मालिनी: नाही. पिठल्याला कांदा चिरायचाय.

गोपाळकृष्ण: चिरायचाय, चिरला नाहीयेस.

बाबू: मास्तर, आता शिडी आनू? दोऱ्या सरळ करायला?

गोपाळकृष्ण: शिडी नेऊन विहिरीत टाक. दोरीला हात लावलास तर याद राख. आणि मालिनी...

मालिनी: काय हो?

गोपाळकृष्ण: ती खुर्ची तू रोज थोडी पुढे आणतेस. मला दिसतं पालथ्याने. ती मागे ने. दाराशी होती तिथे.

मालिनी: लांब पडेल तुम्हाला.

गोपाळकृष्ण: पडू दे. विमानाने येतोय.

मालिनी: या. सावकाश या.