पडद्यावरची पाटी आणि कुमुदकाकू

रामराया समोर उभा आहे, तुम्ही त्याला बघायला आलात, आणि मधेच हा बुवा आडवा उभा राहिलाय. तेव्हा पहिली क्षमा त्याची मागतो, दुसरी तुमची.

आता मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. देवळातून घरी गेल्यावर कुणी विचारलं, कुठे गेला होतात? आपण ऐटीत सांगतो — दर्शन घेऊन आलो! बरं. आज देवाच्या गळ्यात हार कसला आहे? झेंडूचा की तगरीचा? — हां, आता माना उंच करू नका! आत येताना हात जोडलेत, तेव्हाचं सांगा. नाही ना सांगता येत? म्हणजे डोळे होते, देव समोर होता, उजेडही होता. मग रोज ज्याच्यासमोर आपण उभे राहतो, त्याला आपण पाहतो का? की नुसते त्याच्यासमोर असतो?

याचं उत्तर मी पुराणातून देणार नाही. आज हॉलिवूडमधून देणार आहे.

बघा, पेटीवर आमचे गोपाळराव दचकले. अहो, सूर सोडू नका, धर्म बुडत नाही. आणि हॉलिवूड म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतले आजोबा जरा सावरून बसले, तेही मला दिसलं.

तर कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगणार नाही, कारण काकूंनी मला बजावलंय — बुवा, गोष्ट सांगा, पण गाव सांगू नका, आणि आमची नावं बदला. म्हणून आपण त्यांना मुकुंदराव गुर्जर म्हणू आणि काकूंना कुमुदकाकू म्हणू. मुकुंदराव सरकारी कचेरीत कारकून. सरळ माणूस. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच — जुने इंग्रजी सिनेमे. काळे-पांढरे. आणि त्यातल्या त्या नट्या!

गावात फिल्म सोसायटी होती. रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये पांढरा पडदा लावायचे आणि सिनेमा दाखवायचे. मुकुंदराव पहिल्या खुर्चीवर. पुढे सीडी निघाल्या, तेव्हा त्यांनी कपाटभर सीडी जमवल्या. अमकी नटी मान कशी वळवते, तमकी रडायच्या आधी कुठला ओठ दाबते, तिसरीच्या गालावर सावली कुठून पडते, सगळं पाठ. मी त्या गावी कीर्तनाला गेलो की माझ्यासमोर बसून सांगायचे, तेव्हा डोळे असे भरून यायचे. बुवा, म्हणायचे, ती दारात नुसती उभी राहते हो, आणि आपल्याला आपलं सगळं आयुष्य आठवतं.

मी हसलो नाही. का हसू? आपणही मूर्तीसमोर उभे राहून तेच म्हणतो की. जिथे माणूस स्वतःला विसरून बघतो, तिथे भक्ती आहे. मग ती पडद्यावर का असेना.

पण मंडळी, काकू कुठे होत्या?

काकू घरी होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी वाचायच्या, इंग्रजीचं अक्षर ओळखत नव्हत्या. लग्न नवीन होतं तेव्हा एका रविवारी म्हणाल्या, "अहो, मी येऊ का?" मुकुंदराव चप्पल घालत होते. म्हणाले, "अगं, इंग्रजी असतं. तुला काय कळणार?" झालं! काकूंनी पुन्हा विचारलं नाही. रविवारी ते निघाले की दार लावून घ्यायच्या आणि पोळ्यांना लागायच्या. शेजारणी विचारायच्या, साहेब कुठे? काकू सांगायच्या, "माझ्या सवतींकडे." शेजारणी हसायच्या. काकूही हसायच्या. ते हसणं कसलं होतं, ते इथल्या बायकांना मी सांगायला नको.

दिवस गेले. मुकुंदराव निवृत्त झाले. आणि डोळ्यांत काचबिंदू झाला. तो हळूच येतो, कडेकडेचं आधी खातो आणि मग मधलं. डॉक्टरांनी थेंब दिले, शस्त्रक्रिया केली, पण गेलेलं परत येईना. एका वर्षी दिवाळीला त्यांना पणतीचा उजेड कळला, पणती दिसली नाही. पुढे उजेडही गेला.

त्यानंतर मी त्यांच्या गावी रामनवमीच्या उत्सवाला गेलो, तेव्हा ते माझ्याकडे आले. काकूंनी हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं आणि त्या प्रदक्षिणेला गेल्या. पावलं लांब गेल्याची खात्री मुकुंदरावांनी करून घेतली. मग म्हणाले, "बुवा, एक विचारू? कुणाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, बोला.

"डोळे गेले, त्याचं दुःख आहेच. पण बसल्या बसल्या मनात मी सगळे सिनेमे बघतो. एकेक नटी समोर येते. पापणीसकट! आणि मग हिचा चेहरा आठवायला जातो. हिचा येतच नाही हो. अंबाडा येतो. पाठ येते, ओट्याशी उभी असलेली. बांगड्यांचा हात येतो, ताट सरकवणारा. पण चेहरा येत नाही. आता बघायची सोय राहिली नाही. आणि तिला कुठल्या तोंडानं विचारू?"

मंडळी, सांगायला सतरा दाखले होते, पण एकही लागू पडेना. काकू परत आल्या, प्रसाद दिला, त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. माझं त्या दिवशीचं कीर्तन सपशेल पडलं, गोपाळराव साक्षीला आहेत.

पुढचं मला काकूंनी सांगितलं.

घरी मुकुंदराव अगदी गप्प बसायला लागले. जेवण कमी झालं. काकूंनी एका संध्याकाळी कपाट उघडलं. म्हणाल्या, "एक लावते. मी बघते आणि तुम्हाला सांगते. सवत असली म्हणून काय झालं, माणसाला उपाशी ठेवायचं नसतं."

हाताला आली ती सीडी लावली. निघाला मूकपट. म्हणजे त्यात माणसं बोलत नाहीत. ओठ हलतात, मग काळ्या पाटीवर इंग्रजीत लिहून येतं, काय बोलले ते. काकू सांगायला लागल्या — एक बाई आहे, गोरीपान, डोळे मोठे. चुलीवर काहीतरी ढवळतेय. आता पाटी आली. मुकुंदरावांना सिनेमा पाठ. ते सांगायचे, पाटीवर काय लिहिलंय ते. असं थोडा वेळ चाललं. आणि मग काकू एकदम थांबल्या.

"अहो, ही बोलतच नाही?"

"मूकपट आहे तो. त्या काळी आवाज नव्हता."

"तुम्ही तेव्हा हे पण बघायला जायचात?"

"हो. पुष्कळदा."

काकू म्हणाल्या, "मग मला का नाही नेलंत? हिला तर तोंडच नाही. मला काय कळलं नसतं?"

इंग्रजी असतं, असं सांगून ज्या बाईला घरी ठेवलं, ती आज त्यांच्यापेक्षा चांगला सिनेमा बघत होती. कारण काकू पुढे सांगायला लागल्या, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती नटी सुंदर दिसते, एवढंच पाहिलं होतं. काकूंनी सांगितलं — तिनं दोन ताटं मांडलीत. नवरा आला, वर्तमानपत्र वाचत जेवला. हिनं पदार्थ नवा केला होता, त्यानं चव कसली ते पाहिलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघतेय. आता बघायचं सोडलं तिनं. आता ताटं उचलली.

मंडळी, जिची गोष्ट तिलाच लवकर कळते.

शेवटी ती बाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली. नवरा खुर्चीत. तिचे ओठ हलले. पाटी आली. मुकुंदरावांना ती पाटीही पाठ होती. एवढेच शब्द होते — मी बहिणीकडे जाते. ते सांगणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा. ही मी वाचते."

"तुला इंग्रजी कुठे येतं?"

"ही येते." आणि काकू वाचायला लागल्या. "लिहिलंय की, मी इतकी वर्षं या घरात वावरले. तुम्ही वाईट वागला नाहीत. हात उगारला नाहीत, काही कमी केलं नाहीत. पण मी नवी साडी नेसून समोर यायची आणि तुम्ही म्हणायचात, जरा बाजूला हो, घड्याळ दिसत नाही. मला वाटायचं, आपल्यात बघण्यासारखं काही नसेल. पुढे तसं वाटायचंही बंद झालं."

एवढं कुठे मावतं पाटीवर? पाटी केव्हाच गेली होती. सिनेमा संपला होता. खोलीत अंधार पडला होता, पण तो एकीलाच कळत होता. मुकुंदराव एरवी एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी चूक काढायचे. त्या दिवशी नाही काढली.

काकू म्हणाल्या, "आता नवऱ्याची पाटी काय ते तुम्ही सांगा."

मुकुंदराव म्हणाले, "टीव्ही बंद कर. इकडे ये. मला तुझा चेहरा आठवत नाही, कुमुद. तू कशी दिसतेस, ते मला सांग."

काकू मला म्हणाल्या, बुवा, आधी भयंकर राग आला. उठून स्वयंपाकघरात गेले. मग वाटलं, खोटं बोलून सुटता आलं असतं यांना. बाहेर आले. पण सांगू काय? मला सवयच नाही ना. म्हणून आरसा काढला आणि आरशात बघून सांगायला लागले. केस पांढरे, भांगाशी विरळ झालेत. नाक जरा बसकं, आमच्या वडलांसारखं. हनुवटीवर तीळ. डाव्या भुवईवर व्रण.

"व्रण?" मुकुंदराव घाबरले. "केव्हा लागलं? मला बोलली नाहीस!"

काकू म्हणाल्या, "विहिरीचा रहाट लागला होता. लग्नाच्या आधी."

लग्नाच्या आधी, मंडळी. बघायला आले तेव्हा तो होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा होता. मुकुंदरावांनी हात पुढे केला, बोटानं तो व्रण शोधला, आणि त्यावर बोट ठेवून तो माणूस लहान मुलासारखा रडला. त्याला आपण दर्शन म्हणावं.

मी सिनेमाला दोष देणार नाही. त्या नट्यांनी त्याला बघायला शिकवलं. शिकला तो उत्तम, फक्त शिकलेलं घरी आणायचं राहिलं. आणि आपण? आपल्याला तर डोळे आहेत.

आता आरती होईल. पण त्याआधी — इकडे पुरुष बसलेत, तिकडे बायका, आपल्या देवळाची रीतच आहे ती. पुरुषांनो, तुमच्याबरोबर जी आज इथे आली आहे, तिनं कुठल्या रंगाची साडी नेसली आहे? वळू नका! वळायचं नाही. इथूनच सांगा. आणि बायकांनो, तुम्ही हसू नका, तुम्हाला त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा माहीत आहे, ते मला ठाऊक आहे.

गोपाळराव, पेटी थांबवा. उत्तर येऊ दे.

नाही येत?

बरं. रामराया थांबलाय, त्याला घाई नाही. आता वळा.