हात वर

सासू : पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुला. बाकी काहीही म्हण, पण मला ‘फील फ्री’ म्हणू नकोस.

सून : आई, तेव्हा तुम्ही हसत होतात. मला वाटलं, इंग्रजीच्या बाई, रिटायर झाल्या तरी चुका काढायची सवय जात नाही.

सासू : चूक कुठे काढली? वाक्य बरोबरच होतं. तो निळा स्वेटर दे इकडे.

सून : नाही देणार. आधी ती बॅग खाली ठेवा.

सासू : नको देऊस. माझ्या घरी थंडी फार नसते.

सून : असं काय वाईट म्हणाले मी? फ्रिज उघडा, टीव्ही लावा, हवं तेव्हा झोपा, फील फ्री. ‘आपलंच घर समजा’ म्हणतो, तसंच ना ते?

सासू : तस्संच. आणि ‘आपलंच घर समजा’ हे आपण कुणाला म्हणतो गं? पाहुण्याला. घरच्या माणसाला कुणी सांगायला जात नाही. इंग्रज त्यातल्या त्यात प्रामाणिक. मोकळी आहेस असं म्हणतच नाहीत. ‘फील’ म्हणतात, म्हणजे नुसतं वाटून घे, एवढंच.

सून : शब्दांवरून घर सोडतं का कुणी?

सासू : शब्दांवरून नाही जात मी. ठकीच्या पायावरून जातेय.

सून : डॉक्टर म्हणाले ना, नुसता मुका मार आहे. चार दिवसांत निळं जाईल. बाळांना होतं असं.

सासू : पाळण्याच्या गजांत पाय अडकला होता तिचा. आणि मी दारात उभी.

सून : वर पांघरूण होतं. तुम्हाला दिसलं नाही.

सासू : ऐकू तर येत होतं? ते रडणं भुकेचं नव्हतं, झोपेचंही नव्हतं. कळत होतं मला. आणि मी काय केलं? पाळण्यावर भिंतीत लावलेल्या तुझ्या त्या कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिले, हात वर करून. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. मे आय?

सून : माझा फोन सायलेंटवर होता हो. ऑफिसात मीटिंग चालली होती.

सासू : मग फोन बघितलास, आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून, भिंतीतून ओरडलीस, ‘आई, उचला!’ तेव्हा उचललं. तोवर तिचा आवाज बसला होता.

सून : पण हात वर करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? पहिल्यांदा केलात तेव्हा मला गंमत वाटली. ऑफिसात मैत्रिणींना दाखवलं मी ते. हसलो आम्ही सगळ्या.

सासू : पहिल्यांदा गंमतच केली होती. त्याच्या आदल्या दिवशी ती कुरकुरली म्हणून घेतली, तर भिंत बोलली. ‘आई, ठेवा तिला खाली, स्वतःची स्वतः झोपायला शिकू दे.’ अशी दचकले की पोर हातातून सुटली असती. म्हटलं, उद्यापासून विचारूनच घेऊ. मग रोजच विचारायला लागले. गंमत कधी संपली ते माझं मलाच कळलं नाही.

सून : तुमचा मुलगा तर जाताना म्हणाला होता, आई, तुला फ्री हँड आहे.

सासू : म्हणाला ना, विमानतळावरून. फ्री हँड देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात दोरी असते, बाळा. आणि काल तिकडून काय म्हणाला? ‘यू आर फ्री टु गो, आई. कुणी अडवत नाही तुला.’ वर्गात हे वाक्य शिकवताना मी उदाहरण द्यायचे : चौकशी संपली की पोलीस असं म्हणतात.

सून : चिडला होता तो. मनातून नव्हतं. आणि मी... मला भीती वाटते हो, आई. किती आठवडे मी तिला काचेच्या पेटीत बघितलंय. पेटीला हात घालायला दोन भोकं होती, त्यांची झाकणं उघडायलासुद्धा विचारावं लागायचं. पोटची पोर, आणि ‘सिस्टर, हात लावू का?’ घरी आणली तरी ती काच डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून कॅमेरा. तुमच्यावर नाही लावला तो.

सासू : माहीत आहे. म्हणून तर तुझ्यावर धड रागावताही येत नाही. पण विचारून हात लावायचा म्हणजे काय, ते तुला माझ्याआधी ठाऊक होतं गं.

सून : काढून टाकते. आत्ताच्या आत्ता. स्टूल कुठे गेलं?

सासू : राहू दे. भिंतीवरचा काढशील. माझ्यातला कोण काढणार? लेकरू रडतंय आणि माझा हात त्याच्याकडे जायच्या आधी वर जातो. असली आजी ठकीजवळ नको.

सून : असं नका ना बोलू. थांबा. मी म्हणतेय, थांबा.

सासू : आज म्हणालीस. इतके महिने म्हणायचीस, ‘तुम्हाला वाटलं तर थांबा.’

सून : तुमच्यावर जबरदस्ती नको म्हणून!

सासू : कधीतरी करायची गं. आपल्या माणसावर थोडी करायची असते. टॅक्सी आली बघ. स्वेटर ठेव तुझ्याकडेच, ठकीच्या अंगावर घाल. तिच्या ओळखीचा वास आहे त्याला.

(त्याच संध्याकाळी, फोनवर. पलीकडे सासूबाईंच्या बिल्डिंगखाली शिवणाचं दुकान चालवणारी बाई.)

सून : ताई, मी वरच्या बाईंची सून बोलतेय. आई पोचल्या का? फोन उचलत नाहीयेत.

शिवणवाली : आल्या की! मघाशीच. बॅग घेते म्हटलं तर म्हणाल्या, हलकी आहे. पण केवढ्या वाळल्यात हो! नातीला स्वतःचंच बाळसं काढून दिलं वाटतं.

सून : वर गेल्या ना नीट?

शिवणवाली : गेल्या. एक सांगू का? राग नका मानू. त्यांनी स्वतःच्याच दाराची बेल वाजवली.

सून : बेल?

शिवणवाली : दोनदा. जिन्यातलं सगळं ऐकू येतं मला मशिनीवर बसून. म्हटलं, सवयीनं वाजवली असेल, तुमचे सासरे होते तेव्हा तेच उघडायचे ना. पण ते जाऊन किती दिवस झाले! आत आहे कोण? चार पायऱ्या चढून डोकावले, तर बाई उभ्या. किल्ली हातात आणि बाई उभ्या. आतून कुणी ‘या’ म्हणेल अशा.

सून : आणि आता?

शिवणवाली : दार उघडल्याचा आवाज काही आला नाही बाई अजून. मी सांगून आले, काही लागलं तर हाक मारा, संकोच करू नका. त्यांनी मान हलवली. खाली गिऱ्हाईक खोळंबलं होतं माझं.

सून : ताई, वर जाऊन बघाल त्यांना? मी ठकीला घेऊन निघतेच आहे, पण मला पोचायला वेळ लागेल.

शिवणवाली : जाते हो. पण काय म्हणू त्यांना?

सून : काही म्हणू नका. ‘लागलं तर सांगा’ तर अजिबात म्हणू नका. त्यांच्या हातातली किल्ली घ्या, दार उघडा, दिवा लावा. आणि दंडाला धरून त्यांना आत न्या.

शिवणवाली : न विचारता? अहो, मोठ्या बाई आहेत त्या.

सून : न विचारता. आणि मी येईपर्यंत उठू नका त्यांच्याजवळून.

शिवणवाली : बाळ रडतंय का तिकडे?

सून : रडतंय. मी घेते तिला. तुम्ही वर जा.